अठ्ठेचाळीस दारांची चौकशी

१८ ऑक्टोबर १९९९, खंडेनवमी. संध्याकाळी ६.
आजपासून पुन्हा रोजनिशी. मागची वही जूनमध्ये तिसऱ्या पानावर थांबली. त्यात माझा दोष नव्हता, पेन गळत होतं. ही वही कोणी वाचायची नाही, त्यामुळे हिच्यात फक्त खरं.

हडपसरच्या आपल्या कारखान्यात पूजा यथासांग झाली. पत्रा कापायचं यंत्र, वाकवायचं यंत्र, स्पॉट वेल्डिंग, ग्राइंडर, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूचा हार. मी स्वतः लावलं. कारखाना आता सूनबाई नम्रता चालवते. मुलगा सुदर्शन अमेरिकेत आहे, तिथल्या कॉम्प्युटरांना दोन हजार साल येतंय हे समजावून सांगायला. पण पूजा अजून माझ्याकडे.

१९६१ साली मी शेड घातली तेव्हा पत्र्याला पत्रा जोडायचा म्हणजे रिव्हेट. दर दीड इंचावर एक. ओळीच्या शेवटी यमक यावं तसं. जोड दिसायचा, आणि दिसायला लाज नव्हती. आता वेल्डिंग करतात, वर आलेली कड घासून सपाट करतात आणि वरून रंग. जोड कुठे होता हे करणाऱ्यालाही सांगता यायचं नाही. याला फिनिशिंग म्हणतात.

एक बारीकशी गोष्ट. रंगाच्या खोलीत पूजा नको, असं भीमरावने बजावलं होतं. भीमराव पावडर कोटिंग करतो, म्हणजे रंगाची कोरडी पूड पत्र्यावर मारून भट्टीत भाजतो, नऊ वर्षं झाली. पत्रा सात टाक्यांतून धुऊन निघाला की त्याला उघडा हात लावायचा नाही, कुंकू तर नाहीच, असं त्याचं म्हणणं. तो स्वतः बौद्ध आहे, पूजेला येत नाही, आज रात्रीच्या गाडीने नागपूरला दीक्षाभूमीवर जाणार. त्याचा तो प्रश्न. पण कोथरूडच्या सॉफ्टवेअर कंपनीच्या कपाटांची अठ्ठेचाळीस दारं आत टांगलेली. एवढी मोठी ऑर्डर, आणि कोरडीच पाठवायची?

भीमराव जेवायला गेल्यावर माझ्याजवळच्या दुसऱ्या किल्लीने खोली उघडली. पत्र्यावर कोरडं कुंकू ठरत नाही म्हणून घरून खोबरेल नेलं होतं, त्यात कालवलं. प्रत्येक दाराला एक बोट. प्रत्येक बोटाला चौथीच्या पुस्तकातल्या कवितांची एकेक ओळ मनात म्हटली. मग सगळं रुमालाने स्वच्छ पुसून घेतलं. देवाला पोचलं, भीमरावला कळलं नाही. दोघांचाही मान राहिला. असा मध्यममार्ग काढायला वय लागतं.

भीमरावने दुपारी पावडर मारून दारं भट्टीत लावली आणि पाचला स्टेशनवर गेला. भट्टी भैरू वेल्डरने बंद केली.

१९ ऑक्टोबर, दसरा.
सुट्टी. सोनं वाटलं. संकल्प: पत्र्यावर एक खंडकाव्य. सर्ग पाच. कापणे, वाकवणे, जोडणे, घासणे, रंगवणे. पहिली ओळ सुचली: ‘पत्रा हा पातळ, परि त्याचे मन जाड’. दुसरी उद्या.

सुशीला विचारत होती, अहो, खोबरेलाची बाटली कुठाय. म्हटलं, मला काय माहीत. हे खोटं नव्हे. त्या क्षणी खरंच आठवत नव्हतं.

२० ऑक्टोबर. दुपार.
भट्टी उघडली. दारं सायीसारखी पांढरी, नजर ठरत नाही अशी. आणि प्रत्येकावर, वरच्या डाव्या अंगाला, एकाच उंचीवर, एक पिवळसर डाग. आत देवी आल्यासारखे बारीक खड्डे. अठ्ठेचाळीस दारं, अठ्ठेचाळीस डाग.

नम्रताने बोट फिरवून बघितलं. म्हणाली, तेल. तेलकट हात. मग म्हणाली, गाडी गाठायची म्हणून हातमोजे न घालता लावली असणार दारं.

मी सांगणारच होतो. पण ती इतकी संतापलेली होती की त्यात आणखी भर घालणं मला माणुसकीला धरून वाटलं नाही. संध्याकाळी शांत झाली की सांगू.

२० ऑक्टोबर. संध्याकाळी ७.
संध्याकाळी ती शांत झाली. शांत झालेल्या माणसाला पुन्हा कशाला ढवळायचं.

२१ ऑक्टोबर.
भीमराव परत आला. त्याला गेटवरच कळलं. आता तो रंगात नाही, घासकामावर. म्हणजे त्याच दारांवरचे तेच डाग ग्राइंडरने खरवडायचे, पार पत्रा लागेपर्यंत. त्याने दार आडवं टाकून डाग बराच वेळ बघितला, मग चष्मा चढवला आणि चाक चालू केलं.

भैरू चहाला माझ्याजवळ बसला. म्हणाला, बापू, पूजेला आला न्हाय ना त्यो, त्येचंच फळ हाय बगा. देव सोडतोय व्हय.

मी मान हलवली. मान हलवणं म्हणजे होकार नव्हे. माझी मान या वयात तशीही हलते.

निश्चय: उद्या सकाळी सांगायचं. गाडीतच.

२२ ऑक्टोबर.
कोथरूड ते हडपसर, नम्रताच्या मारुतीत, पाऊण तास. घसा खाकरला. तिने खिडकी वर केली आणि म्हणाली, बाबा, धूळ फार आहे ना. विषय तिथेच बदलला.

२३ ऑक्टोबर. शनिवार.
काय दैव असतं एकेकाचं. नम्रताने मला केबिनमध्ये बोलावलं. दर्जाचं सर्टिफिकेट देणारे ऑडिटर पाच नोव्हेंबरला येणार. बिघाड झाला तर त्याची रीतसर चौकशी करून फॉर्म भरावा लागतो. चौकशी करणारा त्या खात्यातला नको, सगळ्यांना ओळखणारा हवा, आणि कामगारांचा त्याच्यावर विश्वास हवा. तेव्हा बाबा, तुम्हीच.

मी म्हटलं, मी? ती म्हणाली, तुमच्याइतका निष्पक्ष माणूस दुसरा कोण आहे इथे.

फॉर्मवर पाच चौकोन. प्रत्येकात ‘का?’. डाग पडला, का? उत्तर लिहायचं. मग त्या उत्तराला पुन्हा का? असं पाच वेळा. जपान्यांची युक्ती आहे म्हणे. पाचव्या का-पाशी खरं कारण सापडतं.

दोष ऑपरेटरचा निघाला तर भीमराव रंगातून कायमचा जाणार आणि त्याच्या जागी वाघोलीच्या कॉलेजातून कोर्स केलेला मुलगा येणार. नम्रताने हे सहज सांगितलं. मीही सहज ऐकलं.

एका अर्थी बरंच झालं. चौकशी माझ्याच हातात आहे, म्हणजे भीमरावला न्याय मिळणार हे नक्की. मला सांगायची गरजच उरली नाही. चौकशीतूनच ते आपोआप बाहेर येईल.

२५ ऑक्टोबर.
चौकशीला प्रारंभ. पहिला का. डाग का पडला? पत्र्यावर तेल होतं. लिहिलं. ठाम अक्षरात.
दुसरा का. तेल का होतं? इथे थोडा थांबलो. घाई करून चालणार नाही.

२६ ऑक्टोबर.
शक्यता काढल्या. एक, पावडरच खराब. दोन, छपरावरची कबुतरं. तीन, यंदाचा परतीचा पाऊस. चार, वेल्डिंग. नम्रताला वाचून दाखवल्या. म्हणाली, कबुतर अठ्ठेचाळीस वेळा एकाच उंचीवर बसतं का, बाबा.

सुशीलाने नवीन खोबरेल आणलं. बाटली माझ्यासमोर टेबलावर ठेवली, दोन्ही हातांनी, नैवेद्य ठेवावा तशी. म्हणाली, ही तरी डोक्यालाच लावा.
तिला काही कळलंय असं नाही. तिचा स्वभावच तिरकस आहे.

२७ ऑक्टोबर.
भीमरावची जबानी. जेवणाच्या सुट्टीत, घासकामाच्या कोपऱ्यात. त्याच्या भुवयांवर, मिशीवर लोखंडाची पूड. मी विचारलं, हातमोजे होते का. म्हणाला, होते. विचारलं, घाई होती का. म्हणाला, गाडी रात्री साडेनऊची होती बापू, पाचला निघालो. स्टेशनवर तीन तास बसलो.

मग स्वतःहून म्हणाला, सकाळी पत्रा शेवटच्या टाकीतून काढला तेव्हा पाणी एकसारखं उतरत होतं. चादर ओढावी तसं. कुठं तुटलं नाही. तेलाचा कण असता तर पाणी तिथं फाकलं असतं. मी एकेक दार बघितलं. मग जेवायला गेलो. परत आलो तर कुलूप नुसतं अडकवलेलं. हे लिहा.

लिहितो म्हटलं.

तो म्हणाला, किल्ल्या दोन आहेत. एक माझ्याकडे. दुसरी कोणाकडे, ते मी नाही बोलणार. चौकशी तुम्ही करताय, तुम्ही शोधा.

आणि डबा उघडून जेवायला लागला. मला म्हणाला, घ्या थोडं. मी म्हटलं, ॲसिडिटी आहे.

किल्ली माझ्या खिशात होती. चालताना वाजते ती. मुठीत धरून केबिनपर्यंत आलो.

फॉर्मवर लिहिलं: ‘कुलुपाबाबत तपास चालू.’

२८ ऑक्टोबर.
स्पष्ट लिहायचं तर मी भित्रा नाही. १९७२ मध्ये गॅसच्या नळकांड्याला आग लागली तेव्हा सगळे पळाले, मी उभा राहिलो. (पाय हलत नव्हते, पण उभा राहिलो.) प्रश्न धैर्याचा नाही, शब्दांचा आहे. साध्या गद्यात हे सांगणं मला बरं वाटत नाही. एवढी खोल गोष्ट, तिला वृत्तच हवं. आमचे चौथीचे गुरुजी म्हणायचे, जे मनात दाटतं ते चालीवर म्हणावं, जड वाटत नाही.

संकल्प: कबुली शार्दूलविक्रीडितात. चार ओळी. रविवारपर्यंत तयार.

३१ ऑक्टोबर. रविवार.
‘माझे बोट पवित्र मी समजलो’ इथवर आलं. पुढे ‘खोबरेल’ कुठेच बसत नाही. गणच तसे आहेत त्या शब्दाचे. दिवसभर बोटांवर लघु-गुरू मोजले. सुशीला म्हणाली, नातवंडांचे वाढदिवस मोजताय का. ते तर चार बोटांत संपतात.

१ नोव्हेंबर.
भीमरावसाठी काहीतरी करायला हवं असं फार वाटलं. चांगले जाड कापडी हातमोजे आणले, दोन जोड, लक्ष्मी रोडवरून. घासकामाच्या कोपऱ्यात जाऊन त्याच्या हातात ठेवले.

त्याने मोज्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाला, बापू, माझ्याकडे आहेत हातमोजे. तेच तर सांगतोय सगळ्यांना.

सगळे बघत होते. भैरू हसला. मला वाटतं हातमोज्यांची कल्पना तितकीशी चांगली नव्हती. साखरेचे दोन किलो आणायला हवे होते.

दारं आता निम्मी घासून झालीत. प्रत्येक दारावर एक उघडा पत्र्याचा गोल, रुपयाएवढा. मी मुद्दाम मोजायला गेलो नाही. जाता जाता दिसले.

२ नोव्हेंबर.
नवा बेत, आणि हा पक्का. भीमरावचं घासकाम मीच हलकं करायचं. अजून चोवीस दारं डागाळलेली. जुन्या हाताला काय जड आहे? पितळ चकचकीत करायची पेस्ट घेऊन एक दार बाजूला घेतलं. डाग हळुवार पुसून काढू, पत्र्यापर्यंत जायलाच नको.

तासाभराने डाग होता तसाच. भोवतीचा रंग मात्र घासून घासून आरशासारखा झाला. ते दार आता सगळ्यात वाईट दिसतंय. भीमरावने येऊन बघितलं आणि ते दार उचलून आपल्या ढिगात सगळ्यात वर ठेवलं. त्यानंतर जेवणाच्या सुट्टीत पाच मिनिटं तो भिंतीला टेकून डोळे मिटून बसला होता. त्याचा हात, चाक बंद असूनही, थरथरत होता. ग्राइंडर दिवसभर धरला की असं होतं. मला माहीत आहे. पहिली सात वर्षं मी धरलाय.

मग मी का गेलो नाही त्याच्याजवळ? हा सहावा का. फॉर्मवर नाही.

३ नोव्हेंबर. सकाळी ११.
अहवाल पूर्ण. सात पानं. सुंदर झालाय. पहिल्या भागात जोडकामाचा इतिहास: कल्हई, डाख, रिव्हेट, वेल्डिंग. दुसऱ्यात फिनिशिंगची तात्त्विक बाजू. तिसऱ्यात पाच का. पाचव्या का-चं उत्तर: ‘मनुष्याच्या हेतूत आणि नियतीत असलेले अंतर.’ यात माझं नाव नाही, पण जाणत्याला सगळं कळावं. आणि भीमरावचंही नाव नाही. दोघे सुटले.

३ नोव्हेंबर. दुपारी ४.
नम्रताने सातही पानं वाचली. सभ्य मुलगी आहे. म्हणाली, बाबा, छान लिहिलंय, पण चौकोनात दोन ओळी मावतात. आणि नियतीला मी कुठल्या खात्यात हलवू? मला कोणी केलं ते हवंय. उद्या दहाला भीमराव ऑपरेटरच्या रकान्यात सही करणार. तुम्हाला दुसरं काही सापडलं नसेल तर ‘ऑपरेटरचा निष्काळजीपणा’ लिहिते. मला आवडत नाही लिहायला, पण रकाना रिकामा ठेवता येत नाही.

तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं असं वाटलं. चष्म्याचा भास असेल.

४ नोव्हेंबर. सकाळी ८.
ठरलं. आज शेडमध्ये, सगळ्यांसमोर, यंत्रं बंद करायला लावून. आधी थोडी प्रस्तावना. मग श्लोक (तीन ओळी आहेत, चौथी आयत्या वेळी सुचेल). मग कबुली. मग भीमरावचा हात हातात घेणार. त्याचे डोळे भरून येतील. माझेही. पांढरं स्वच्छ धोतर नेसलोय.

४ नोव्हेंबर. दुपार.
असं झालं.

केबिनमध्ये नम्रता, मी, भीमराव. फॉर्म टेबलावर. नम्रताने पेन पुढे केलं. भीमरावने घेतलं. म्हणाला, मॅडम, सही करतो. आधी बापूंनी पाचवी ओळ मोठ्याने वाचू दे.

मी फॉर्म उचलला. पाचवा चौकोन कोरा होता. शेडमध्ये कोणीतरी ड्रिल चालवत होतं. प्रस्तावना आठवेना. श्लोकाची पहिली ओळ आठवेना. मी म्हणालो, मी लावलं. कुंकू. खोबरेलात.

एवढंच. कुठल्याच वृत्तात नव्हतं.

नम्रताने फॉर्म माझ्या हातातून घेतला. मग विचारलं, दुसरी किल्ली? मी काढून दिली. तिने ड्रॉवरमध्ये टाकली आणि टाईप करायला लागली. मी वाकून बघितलं. पाचवा का: ‘बाहेरील व्यक्तीचा पत्र्याला स्पर्श.’ उपाय: ‘बाहेरील व्यक्तीस कोटिंग विभागात प्रवेश बंद.’ दोन ओळीच झाल्या. बरोबर मावल्या.

म्हटलं, बाहेरील? ती म्हणाली, सासरे असा रकाना नाही, बाबा.

भीमरावने पेन टोपण लावून ठेवलं. मी त्याचा हात धरायला गेलो, तो हात मागे घेऊन म्हणाला, माफी राहू द्या बापू. एक काम करा. हे इथं सांगितलंत, तसं बाहेर भैरूला सांगा. सगळ्यांना सांगा. मी पूजेला नव्हतो म्हणून डाग पडले असं चाललंय पंधरा दिवस. माझा मुलगा यांच्या पोरांबरोबर शाळेत जातो. ते थांबवा.

म्हटलं, आत्ता जातो. आणि गेलो. हे लिहून ठेवतो, की मी गेलो.

४ नोव्हेंबर. संध्याकाळी ६.
चहाच्या वेळी सगळे जमले. मी सांगितलं. कुंकू, खोबरेल, किल्ली, सगळं. अगदी साध्या गद्यात. भीमरावचा काही दोष नाही, असंही सांगितलं, दोनदा.

मग भैरू उठला, जवळ आला आणि वाकून माझ्या पाया पडला. सगळ्यांकडे वळून म्हणाला, बगा, याला म्हनायचं मालक. कामगाराचा दोष सोताच्या अंगावर घेतला. कोन घेतंय आजकाल.

मी म्हटलं, अरे नाही, मीच केलंय. भैरू म्हणाला, व्हय, व्हय, तुमीच केलंय, आणि डोळा बारीक करून बाकीच्यांकडे बघितलं. सगळ्यांनी समजल्यासारख्या माना डोलावल्या. कोणीतरी म्हणालं, भीमरावनं तरी पाया पडाया पायजे. मी पुन्हा म्हटलं, मी खरं सांगतोय. ते म्हणाले, बापू, तुमचं मन लई मोठं.

तिसऱ्यांदा सांगायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात भैरूने खुर्ची आणली, तिच्यावरची पूड आपल्या शर्टाने झटकली, मला बसवलं आणि पहिला कप माझ्या हातात दिला. बशीसकट. एरवी मला बशी मिळत नाही.

रंगाच्या खोलीच्या काचेपलीकडे भीमराव आपल्या जुन्या जागी उभा होता. हातमोजे घालत होता. काचेतून ऐकू येत नाही, पण दिसतं सगळं.

चहा चांगला झाला होता. मी संपवला.